इंदूर–बडोदा–इंदूर: वाऱ्याचा हिशेब बरोबरीत का सुटत नाही

प्रश्न असा होता. इंदूरच्या विमानतळावरून एक छोटं विमान बडोद्याला जातं, न उतरता वळतं आणि परत येतं. हवेच्या तुलनेत त्याचा वेग ताशी २०० किलोमीटर. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर २६८ किलोमीटर. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजत गेलं तर इंदूरहून बडोद्याची दिशा २६० अंश, म्हणजे पश्चिमेच्या जराशी दक्षिणेला. वारा ३२० अंशांवरून, ताशी ४० किलोमीटर, जाता-येता तोच. जाताना विमानाचं नाक कुठे ठेवायचं, येताना कुठे, आणि एकूण वेळ किती?

गणित शिकवणीसाठी मीच बेतलं होतं, पण आकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. अंतर आणि दिशा दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढली. दिशा खरं तर २६१ च्या जवळ येते. वाटेत आणि वाऱ्यात नेमका ६० अंशांचा कोन मिळावा म्हणून एक अंश सोडून दिला. ही सरळ रेषा धारच्या अगदी जवळून जाते, पुढे झाबुआ-अलीराजपूरच्या डोंगरांवरून गुजरातेत उतरते. ताशी २०० हा वेग चार आसनी सेसना १७२ च्या जातीच्या विमानांचा, आणि उन्हाळ्यात माळव्यावर वायव्येचा वारा यात नवल काहीच नाही.

विद्यार्थिनी अकरावीची, राहायला रामबागेत. तिचे मामा बडोद्याचे, दांडिया बाजारातले. सुटीत इंदूरला आले होते आणि भाचीच्या शिकवणीला हौसेने येऊन बसले होते. त्यांनी कागद न घेताच निकाल दिला: "सर, यात गणित कसलं? जाताना वारा जेवढं खाईल तेवढं येताना परत देईल. वारा नाहीच असं समजा." म्हणजे ५३६ भागिले २००, दोन तास एक्केचाळीस मिनिटं. भाचीचं उत्तर दोन तास साडेबेचाळीस मिनिटं. तिच्याच वहीत वरती एक खोडलेला प्रयत्न होता, त्यात विमान बडोद्याला पोचलंच नव्हतं. खरं उत्तर दोन तास पंचेचाळीस मिनिटं.

चार मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मामांना वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. पण ही उत्तरं वेगवेगळ्या जागी चुकली आहेत, आणि त्यातली एक जागा अशी आहे की तिथे फार मोठा माणूस चुकलेला आहे. त्यामुळे प्रकरण सविस्तर मांडतो.

खोडलेल्या प्रयत्नापासून सुरुवात करू, कारण तो वाटतो तेवढा वाईट नव्हता. तिने आधी वाऱ्याचा बाण ३२० च्या दिशेने काढला होता, मग तो उलटवून १४० कडे केला. हे बरोबर. वाऱ्याची दिशा सांगताना तो कुठून येतो ते सांगण्याची जगभर रीत आहे, आणि सदिशाचा, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशीचा, बाण मात्र कुठे जातो ते दाखवतो. विमानाची दिशाही ते जातं तिकडची. एकाच वाक्यात दोन दिशा दोन उलट्या रीतींनी येतात, आणि अर्धी मुलं पहिल्याच ओळीत इथे पडतात. ही पडली नाही.

पुढे तिने विमानाचं नाक थेट २६० वर, म्हणजे बडोद्याकडे ठेवलं आणि दोन बाणांची बेरीज केली. वाटेच्या दिशेने ताशी १८०, आणि वाटेला आडवं, डावीकडे ताशी ३४.६. बडोद्याएवढं अंतर कापायला ८९ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात विमान वाटेपासून ५१ किलोमीटरहून जास्त दक्षिणेला सरकलेलं असतं. नकाशावर बघितलं तर ती जागा नर्मदेच्या काठाजवळ, शिनोरच्या आसपास येते. मामा खूश झाले. "चला, नर्मदास्नान तरी घडलं."

या प्रयत्नात आकडेमोडीची चूक एकही नाही. तो दुसऱ्याच प्रश्नाचा जवाब आहे, एवढंच. "नाक इकडे धरलं तर पोचू कुठे?" हा एक प्रश्न, आणि "तिथेच पोचायचं आहे, तर नाक कुठे धरू?" हा दुसरा. अकरावीच्या पुस्तकात छत्रीचं उदाहरण आहे: पाऊस सरळ खाली सेकंदाला ३५ मीटरने, वारा आडवा १२ मीटरने, छत्री किती कलती धरावी? तिथे दोन्ही सदिश पुरते माहीत असतात. जोडले की ३७ मीटर आणि सुमारे १९ अंश मिळतात, विषय संपला. उदाहरण उत्तम आहे. पण ते एवढं घोटून घेतलं जातं की वारा दिसला की मुलं बेरीज करूनच मोकळी होतात.

तीन बाण, सहा गोष्टी

मी पोरांना आकडेमोडीआधी एक छोटा तक्ता करायला लावतो. वाऱ्याच्या गणितात बाण तीनच असतात: विमान हवेत कसं जातं, हवा जमिनीवरून कशी जाते, आणि या दोघांची बेरीज म्हणजे विमान जमिनीवरून कसं जातं. प्रत्येक बाणाच्या दोन गोष्टी, लांबी आणि दिशा. एकूण सहा. त्यातल्या चार माहीत असल्या तर उरलेल्या दोन निघतात.

छत्रीच्या गणितात दोन बाण पूर्ण माहीत, तिसरा पूर्ण अज्ञात. आपल्या गणितात माहिती विखुरलेली आहे. वारा पूर्ण माहीत: ४०, १४० कडे. हवेतल्या वेगाची फक्त लांबी माहीत: २००, दिशा नाही. जमिनीवरच्या वेगाची फक्त दिशा माहीत: २६०, लांबी नाही. दोन बाणांचं अर्धं अर्धं अज्ञान आहे, म्हणून सरळ बेरीज करता येत नाही. त्रिकोण आधी बंद करावा लागतो. वैमानिक यालाच वाऱ्याचा त्रिकोण म्हणतात.

दुसरी गोष्ट अक्षांची. वर्गात पूर्व आणि उत्तर असे अक्ष घ्यायची सवय इतकी मुरलेली असते की ८० आणि ५० अंशांचे साइन-कोसाइन शोधत पोरं पानं भरतात. अक्ष आपण ठरवायचे असतात, ते आकाशातून पडत नाहीत. एक अक्ष वाटेच्या दिशेने घ्या, दुसरा तिला आडवा. मग "विमान वाटेवरच राहिलं पाहिजे" ही अट एका ओळीत मांडता येते: आडव्या घटकांची बेरीज शून्य.

वाऱ्याचा वाटेशी कोन ६० अंश. म्हणून वाऱ्याचा समोरून येणारा घटक ४० च्या निम्मा, २०. आडवा घटक ४० गुणिले ०.८६६, म्हणजे ३४.६, उजवीकडून डावीकडे. हा आडवा रेटा शून्य करायचा तर नाक उजवीकडे, वारा येतो तिकडे वळवायला हवं, इतकं की २०० चा आडवा घटकही ३४.६ व्हावा. साइन ०.१७३, कोन जवळजवळ १० अंश. नाक २६० ऐवजी २७० वर, अगदी पश्चिमेला.

आता वाटेवरचा वेग. इथे भाचीचं साडेबेचाळीस मिनिटांचं उत्तर चुकलं होतं. तिने नाक बरोबर वळवलं आणि मग वेग काढला २०० वजा २०, म्हणजे १८०. पण नाक दहा अंश वळवल्यावर २०० पैकी सगळे वाटेच्या कामी येत नाहीत. १० अंशांचा कोसाइन ०.९८५, म्हणून वाटेवर १९७ च उरतात. १९७ वजा २०, म्हणजे १७७. नाक वळवलं, पण वळवण्याची किंमत द्यायची राहिली. ताशी तीन किलोमीटरची ही किंमत जाताना द्यावी लागते आणि येतानाही, कारण नाक दोन्ही वेळा वळवलेलंच असतं. २६८ भागिले १७७: ९१ मिनिटं.

परतीला तिने नाक ०९० वर लिहिलं, २७० च्या बरोबर उलट. सुचायला अगदी साहजिक, आणि चूक. वाट उलटते, २६० ची ०८० होते. वारा उलटत नाही. तो अजूनही ३२० वरूनच येतोय, फक्त आता डावीकडून आणि मागून. आडवा रेटा डावीकडून उजवीकडे, म्हणून नाक डावीकडे दहा अंश: ०७०. जातानाच्या आणि येतानाच्या नाकांमध्ये १८० चा नाही, १६० अंशांचा फरक. वाटेवरचा वेग १९७ अधिक २०, म्हणजे २१७, आणि वेळ ७४ मिनिटं. ९१ आणि ७४ मिळून १६५.

योगायोगाने इंदूरची धावपट्टी ०७-२५ अशी आहे. हे आकडे म्हणजे धावपट्टीची दिशा, शेवटचं शून्य गाळून. परतीच्या वाटेवर विमानाचं नाक इंदूरच्या धावपट्टीला समांतर असेल आणि विमान मात्र दहा अंश दुसरीकडेच जात असेल. बिजासन टेकडीवर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांनी वारा असताना उतरणारी विमानं नीट बघावीत: नाक एकीकडे, चाल दुसरीकडे, खेकड्यासारखी. वैमानिकही तिला क्रॅबच म्हणतात. हाच वारा जमिनीलगत असता तर मात्र उतरणं जड गेलं असतं. २५ च्या धावपट्टीशी ३२० चा वारा ७० अंश करतो. आडवा घटक ताशी जवळजवळ ३८ किलोमीटर, म्हणजे सुमारे २० नॉट. सेसना १७२ च्या माहितीपुस्तिकेत, चाचणीत उतरून दाखवलेल्या आडव्या वाऱ्याचा आकडा १५ नॉटचा आहे. खाली वारा सहसा वरच्यापेक्षा मंद असतो, म्हणून हे गणित वरच्या हवेपुरतंच धरायचं.

मामांची बरोबरी

मामा सहजी मानणारे नव्हते. "येताना वीस मिळाले, जाताना वीस गेले. हे तुमच्याच वहीत आहे. मग बरोबरी का नाही?"

त्यांच्यासाठी वारा सरळ केला. वारा नेमका समोरून, ४० चा. जाताना १६०, येताना २४०. जायला शंभर मिनिटं आणि वर अर्धं, यायला ६७. एकूण साडेएकशे सदुसष्ट. वारा नसता तर एकशे एकसष्ट. वेगातली वजाबाकी आणि बेरीज सारखीच आहे, पण वजाबाकी शंभर मिनिटं चालली आणि बेरीज सदुसष्ट मिनिटं. मामांना हे लगेच पटलं. "म्हणजे तोट्याच्या गाडीत जास्त वेळ बसलो." वारा जसा वाढेल तसा हा तोटा वाढत जातो, आणि वारा २०० चा झाला की जायची वेळ अनंत होते; परतीचा प्रश्नच उरत नाही.

भाचीने मग दुसरं टोक धरलं. "आणि वारा अगदी आडवा असला तर?" मामा म्हणाले, "आडव्या वाऱ्याचा वेळेशी काय संबंध? तो ना पुढे ढकलतो ना मागे." आणि मोठा माणूस चुकला ती जागा हीच.

१८८१ साली भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट मायकेलसन यांनी जर्मनीत एक प्रयोग केला. तेव्हा समजूत अशी होती की प्रकाश ईथर नावाच्या माध्यमातून जातो आणि पृथ्वी त्या ईथरमधून सेकंदाला ३० किलोमीटरने धावते, म्हणजे आपल्याला ईथरचा वारा लागत असणार. मायकेलसन यांनी प्रकाशाचा किरण दोन काटकोनी वाटांवर पाठवून आरशांवरून परत आणला: एक वाट वाऱ्याच्या दिशेने, एक आडवी. जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेतला फरक मोजायचा. आमचं इंदूर-बडोदा-इंदूर, दोन वेगळ्या दिशांना. वाऱ्याच्या दिशेतल्या वाटेला जास्त वेळ लागतो हे त्यांनी बरोबर धरलं. आडव्या वाटेला वाऱ्याने काहीच फरक पडत नाही असं धरलं, आणि ते चूक होतं. आल्फ्रेड पोतिए यांनी ही चूक दाखवून दिली. पुढे १८८६ साली हेन्ड्रिक लोरेंट्झ यांनी हिशेब नीट मांडून दाखवलं की आडव्या वाटेचाही वेळ वाढतो आणि त्यामुळे अपेक्षित फरक निम्म्यावर येतो. १८८७ साली मायकेलसन यांनी एडवर्ड मॉर्ले यांच्याबरोबर क्लीव्हलंडमध्ये जास्त लांब वाटा घेऊन प्रयोग पुन्हा केला तो या दुरुस्त हिशेबावर. ईथरचा वारा मिळाला नाही, आणि भौतिकशास्त्राची पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे.

मामांना मी म्हटलं, "चुकलात, पण सोबत भारी आहे." ते नंतर बराच वेळ त्यावर खूश होते.

निम्मा म्हणजे काय ते आमच्याच आकड्यांत दिसतं. वारा हवेतल्या वेगाच्या एक पंचमांश आहे. सरळ वाऱ्यात एकूण वेळ २५/२४ पट होतो, म्हणजे १६० मिनिटं ४८ सेकंदांचे साडेएकशे सदुसष्ट: जवळजवळ सात मिनिटं जास्त. अगदी आडव्या वाऱ्यात नाक सतत वाऱ्याकडे वळवून ठेवावं लागतं आणि वाटेवर १९६ च उरतात. वेळ २५/२४ च्या वर्गमुळाएवढा पट होतो, म्हणजे १६४ मिनिटं: सव्वातीन मिनिटं जास्त. सातचे निम्मे साडेतीन, जवळजवळ तेवढेच. वारा वेगाच्या मानाने जितका लहान, तितकं हे निम्मं जास्त चोख उतरतं. प्रकाशाच्या बाबतीत तो वेगाच्या दहा हजारावा भाग धरला होता, तिथे ते अगदी चोख निम्मं. आपला ६० अंशांचा वारा या दोन टोकांच्या मधला, म्हणून १६५.

ज्यांना सूत्रापेक्षा चित्र पटतं त्यांच्यासाठी आणखी एक पडताळा आहे, आणि मला तो सगळ्यांत आवडतो. जमीन सोडून द्या आणि हवेबरोबर वाहणाऱ्या एका फुग्यात बसा. फुग्यातून पाहिलं तर हवा स्थिर आहे, विमान नेहमी २०० नेच जातंय, आणि इंदूर-बडोदाच ताशी ४० ने वायव्येला सरकतायत. मग वेळ म्हणजे विमानाने हवेत कापलेलं अंतर भागिले २००. दुसरं काही नाही. विमान २७० च्या दिशेने ९१ मिनिटं गेलं: ३०३ किलोमीटर. मग ०७० च्या दिशेने ७४ मिनिटं: २४७ किलोमीटर. एकूण ५५०, बिनवाऱ्याच्या ५३६ पेक्षा १४ जास्त. ही दोन अंतरं कागदावर प्रमाणात काढा. सुरुवातीपासून शेवटापर्यंतची रेषा मोजा: ११० किलोमीटर, ३२० च्या दिशेने. तेवढ्या वेळात, म्हणजे पावणेतीन तासांत, ४० च्या वेगाने इंदूर तेवढंच आणि तिकडेच सरकलेलं असतं. त्रिकोण बंद झाला म्हणजे दोन्ही नाकं आणि दोन्ही वेळा बरोबर आहेत. भाचीने ०९० चं नाक ठेवून हाच त्रिकोण काढून बघितला. तो बंद होईना, आणि परतीची चूक कुठे आहे हे मी सांगण्याआधी तिला दिसलं.

मामांचा शेवटचा आक्षेप व्यवहारातला होता, आणि योग्य होता. चार मिनिटं कोण मोजतं? मोठ्या प्रवासी विमानाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. वेग ताशी ८०० आणि वारा ४० चा असेल तर गुणोत्तर एक विसांश, आणि जाऊन-येऊन तोटा चारशेत एक भाग. वेळेचा तोटा गुणोत्तराच्या वर्गाने जातो, म्हणून वेगवान विमानाला तो जाणवत नाही आणि मंद गोष्टीला कंबर मोडेपर्यंत जाणवतो.

मंद गोष्ट घरातच होती. भाचीचा दादा लग्नांचं ड्रोन शूटिंग करतो. त्याचा ड्रोन सेकंदाला १५ मीटर जातो असं धरलं आणि वारा ९ मीटरचा, तर गुणोत्तर ०.६ होतं. ९०० मीटर जाऊन परत यायचं. वारा नसेल तर १२० सेकंद. वारा आडवा असेल तर १५० सेकंद. वारा सरळ असेल तर साडेएकशे सत्त्याऐंशी, दीडपटीहून जास्त. एकूण वेळ वारा आधी पाठीशी घेतला काय किंवा समोर घेतला काय, तेवढाच. पण वाटणी फार वेगळी: वारा पाठीशी घेऊन निघालात तर जायला साडेसदतीस सेकंद आणि यायला १५०. दादाचा नियम होता, अर्धी बॅटरी संपली की परत फिरायचं. भाचीने त्याला हिशेब करून दाखवला. वारा पाठीवर घेऊन अर्धी बॅटरी संपेपर्यंत गेलास तर उरलेल्या अर्ध्यात परतीची पाव वाटच होईल आणि ड्रोन कुणाच्या तरी गच्चीवर उतरेल. आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, मग अर्ध्यावर फिरलास तरी बॅटरी उरेल. आणि पाठवाऱ्यानेच निघायचं असेल तर या वाऱ्यात फिरण्याची वेळ बॅटरीच्या पहिल्या पाचव्या हिश्शालाच येते, तीही आडव्या झुळकांसाठी काहीच राखून न ठेवता.